एर्लबाखला आलेली तार

फोन वाजला तेव्हा वालबुर्गा प्लांक प्लमचा मुरांबा ढवळत होती. पातेलं खाली उतरवायचं की आधी फोन घ्यायचा, हा प्रश्न तिला एरवी पडत नसे. पण शनिवारी दुपारी दोननंतर पोस्टाचा फोन वाजतो तो फक्त तारेसाठी, आणि एर्लबाखला तार येते ती फक्त वाईट बातमीची. तिनं मुरांबा जळू दिला.

वालबुर्गाला सगळे बुर्गी म्हणायचे, आणि एर्लबाखचं पोस्ट म्हणजे या बुर्गीचं स्वयंपाकघर. खिडकीपाशी तराजू, खुंटीवर सरकारी टोपी, भिंतीवर काळा फोन. तालुक्याच्या पोस्टातून कुमारी डोब्लर तार वाचून दाखवायची, बुर्गीनं ती कागदावर उतरवायची आणि नेऊन द्यायची. ही डोब्लरबाई बोलायची नाकातून, आणि प्रत्येक शब्द असा सोडायची की जणू तिच्या पगारातून कापला जातोय.

"एर्लबाख?"

"हो."

"पेन्सिल?"

"आहे, बाई."

"लिहा. गेओर्ग एर्लबाख, एर्लबाख. पूर्णविराम. कोनराडला न्यूमोनिया. पूर्णविराम. तीन दिवस ताप. पूर्णविराम. आजची रात्र निघणं कठीण. पूर्णविराम. ताबडतोब या. पूर्णविराम. सिस्टर मार्टा. वाचून दाखवा."

बुर्गीनं वाचून दाखवलं. मग तिनं घसा खाकरला. "बाई, कुठला गेओर्ग?"

"गेओर्ग एर्लबाख."

"अहो, इथं तीन आहेत."

"माझ्यासमोर एकच आहे," डोब्लरबाई म्हणाली, आणि खट्.

तिचंही काय चुकलं म्हणा. आमच्याकडे ओढ्याचं नाव एर्लबाख. ओढ्याकाठच्या गावाचं नाव एर्लबाख. गावातल्या निम्म्या घरांचं आडनाव एर्लबाख. खानावळीच्या पाटीवर एर्लबाख, तिथल्या बिअरच्या बाटलीवर एर्लबाख, बँडच्या ढोलावर एर्लबाख. आणि गावच्या वळूला प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं तेव्हा प्रमाणपत्रावर त्याचंही नाव एर्लबाख असंच लिहून आलं. बाख म्हणजे ओढा. ज्या ओढ्याकाठी एर्लची झाडं वाढतात तो एर्लबाख, आणि या मुलखात ती झाडं नसलेला ओढा शोधून सापडत नाही. डोंगरापलीकडेसुद्धा एक एर्लबाख होतं. पण ते ल्यूथरपंथीयांचं. आम्ही कॅथलिक. त्या गावाचा विषय आमच्याकडे निघायचा तो जत्रेतल्या मारामारीचे दात मोजताना.

त्यात बापानं मुलाला आजोबाचं नाव द्यायचं. म्हणजे गेओर्गचा कोनराड, कोनराडचा गेओर्ग, त्याचा पुन्हा कोनराड. शिडीच्या पायऱ्यांसारखं ते खाली चालत आलेलं. गावाला त्याची अडचण नव्हती, कारण गावात आडनावानं हाक मारायला कुणी खुळं नव्हतं. हाक मारायची ती घराच्या नावानं. शिंपी घरचा गेओर्ग, गिरणी घरचा गेओर्ग, मेंढी घरचा गेओर्ग. शिंपी घरचा गेओर्ग घोड्यांना नाल ठोकायचा. गिरणी घरचा गेओर्ग खानावळ चालवायचा आणि त्यानं आयुष्यात गव्हाचं पोतं उचललं नव्हतं. मेंढी घरात शेवटची मेंढी कुणी पाहिली हे पाद्रीबाबांनाही सांगता आलं नसतं. तरी नावं चालायची. माणसं मरायची, घरं राहायची.

शहरातल्या सिस्टर मार्टाला हे कुठून ठाऊक असणार? तिनं कागदावरचं नाव लिहिलं.

बुर्गी कागद हातात धरून टेबलापाशी बसली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. पोस्टाची बस चार वीसला. ती चुकली की शहराची शेवटची गाडी चुकली, आणि गाडी चुकली की रात्र संपली. म्हणजे दोन तास दहा मिनिटं. गाव एवढंसं, तिन्ही घरं पायी फिरायला अर्धा तास पुरे.

मग बसली का होती ती?

बसली होती, कारण हे तिनं एकदा केलं होतं.

चव्वेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, असंच एक पत्र आलं होतं. कोनराड एर्लबाख कामी आला. पत्ता, गेओर्ग एर्लबाख, एर्लबाख. बुर्गी तेव्हा पोस्टात नवी. दोन कोनराड आघाडीवर होते, एक शिंपी घरचा आणि एक मेंढी घरचा. तिला वाटलं शिंपी घरचा. का वाटलं? बसवरून टपालाची पिशवी आणताना वाटेत ते घर आधी लागत होतं म्हणून. एवढंच. त्याच्या आईनं, शिंपी घरच्या आफ्रानं, घड्याळ थांबवलं, आरशावर कापड टाकलं, चर्चमध्ये प्रार्थना झाली, मयताचा केक वाटला गेला. अकरा दिवसांनी त्याच कोनराडचं पत्र आलं, पत्रावरची तारीख त्याच्या मरणानंतरची, आणि आत मोजे मागितलेले. आफ्रा रस्त्यात नाचली म्हणतात. आणि त्याच दिवशी तिथून चौथ्या घरात, मेंढी घरात, गेनोफेफाला कळलं की आपला मुलगा अकरा दिवसांपूर्वीच गेलाय, आणि त्याच्यासाठीचे अश्रू दुसऱ्याच कुणाच्या दारात सांडून झालेत.

गेनोफेफाला सगळे वेव्ही म्हणायचे. वेव्ही आणि बुर्गी शेजारी. दोघींच्या दारांमध्ये एक हद्दीचा दगड. तेरा वर्षं झाली, वेव्ही बुर्गीशी एक शब्द बोललेली नव्हती. तिची पत्रं बुर्गी खिडकीच्या कट्ट्यावर कुंडीखाली ठेवायची आणि निघून यायची.

दोन वाजून पंचवीस मिनिटं. बुर्गी उठली.

टोपी घालून बाहेर पडणं शक्यच नव्हतं. शनिवारी दुपारी आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या दारापुढचा रस्ता झाडतं. रविवारी देवानं आपल्या गल्लीतून जायचं तर पायाखाली पान नको. म्हणजे झाडून सारा गाव खराटा घेऊन रस्त्यावर, आणि हात झाडतात तोवर डोळे मोकळेच. अवेळी टोपी दिसली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खराटे थांबणार. तीन घरांत तीन काळजं थांबणार. तिनं टोपी खुंटीवरच ठेवली, एप्रन बांधला, टोपलीत आठ अंडी ठेवली आणि अंड्यांखाली तार.

"काय बुर्गी, अंडी कुणाला?" पहिल्याच दारातून आवाज आला.

"ज्याची कोंबडी बसलीय त्याला."

"मग आमच्या म्हाताऱ्याला दे, तो सकाळपासून बसलाय."

ती हसली. हसताना टोपली हलली आणि अंड्यांचा किणकिणाट झाला. तिला वाटलं, आतला कागदच वाजला.

शिंपी घराच्या अंगणात ऐरणीचा ठणठणाट चालला होता. गेओर्ग लोहार तीन शब्दांच्या वर कधी बोलायचा नाही. चौथा शब्द लागला तर हातोडा मारायचा.

"अंडी? नको. आहेत."

"आफ्रानं मागितली होती," बुर्गीनं थाप मारली. "आणि कोनराडची काही खबर? शहरात थंडी वाढलीय म्हणतात."

गेओर्गनं हातोड्यानं मागं दाखवलं. ठण्. "हाय की. तिकडं."

गोठ्याच्या भिंतीला मोटरसायकल टेकवून ठेवलेली, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. पाय बोलले. "बुर्गीमावशी का? ये ये. कालच आलो. माझी काळजी नको करूस, मी एकदा मेलेला माणूस आहे. माझ्या प्रार्थनेला सगळ्या गावानं केक खाल्ला आणि मला एक तुकडा ठेवला नाही."

दर सुट्टीला तो हाच विनोद करायचा, आणि दर वेळी बुर्गीच्या पोटात तो दगडासारखा पडायचा. आज मात्र तिला त्या पायांची पापी घ्यावीशी वाटली. न्यूमोनिया झालेला माणूस मोटरसायकलखाली झोपत नाही. एक गेला. उरले दोन.

दोन पन्नास.

खानावळीत गिरणी घरचा गेओर्ग पिंपाच्या तोट्या घासत होता. त्याचा आवाज असा की तळघरातून बोलला तर पोटमाळ्यावरचे उंदीर दचकायचे. आणि प्रत्येक गोष्ट तो दोनदा सांगायचा, एकदा तुम्हाला आणि एकदा गल्लीला.

"बुर्गी! अंडी! हिनं अंडी आणलीत!"

"हळू रे. तुझ्या भावाचं काय चाललंय? कोनराडचं?"

"कोनराड? रेल्वेतला? हात्तिच्या! सकाळी फोन होता त्याचा! सकाळी फोन केला त्यानं! म्हणतो सॉसेजं पाठव, इथली सॉसेजं म्हणजे कागदात गुंडाळलेला कागद!" मग त्यानं डोळे बारीक केले. खानावळवाल्यांना माणसाच्या चेहऱ्यावरून उधारी कळते, बाकीचंही कळतं. "का गं? तू त्याची चौकशी कधीपासून करायला लागलीस?"

"सहज. आवाज बरा होता त्याचा?"

"बैलासारखा!"

तीन दिवस ताप असलेला माणूस सकाळी फोनवर सॉसेजं मागत नाही. दुसराही गेला.

बुर्गी बाहेर आली आणि खानावळीच्या पायरीवर थांबली. कारण उरला एक.

मेंढी घर. वेव्हीचा धाकटा मुलगा गेओर्ग, आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा कोनराड. मेलेल्या काकाचं नाव त्याला दिलेलं. गुरुवारी सकाळच्या बसनं आई त्याला शहरात घेऊन गेली होती. बुर्गीनं स्वतः पाहिलं होतं. पोरगं गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून बसमध्ये चढलं होतं, आणि चढताना खोकत होतं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस ताप.

तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. दर वेळी तीनच भरले.

तीन दहा. मेंढी घरासमोर वेव्ही झाडत होती. अडुसष्ट वर्षांची, काटकी, काळा रुमाल डोक्याला घट्ट. ती झाडायची ती थेट हद्दीच्या दगडापर्यंत. दगडाच्या अलीकडे ताटासारखं स्वच्छ, पलीकडे बुर्गीच्या अक्रोडाची पानं. तेरा वर्षांत तिचा खराटा ती रेघ ओलांडून एक बोटभर गेला नव्हता.

"गेओर्ग आहे का घरी?" बुर्गीनं विचारलं.

खराटा चालू राहिला. सर्र, सर्र.

"वेव्ही, गेओर्ग कुठाय?"

सर्र.

समोरच्या घरातली बाई मदतीला आली, म्हणजे ऐकायला आली. "तो वरच्या जंगलात गेलाय लाकडं आणायला. अंधार पडल्यावर येईल. का गं?"

अंधार पडल्यावर. तेव्हा बस निघून गेलेली असणार. वरच्या जंगलात माणूस शोधायचा तर दोन तास. बुर्गीनं टोपली खाली ठेवली. एक अंडं घरंगळलं, दगडावर आपटलं आणि फुटलं. वेव्हीनं स्वच्छ केलेल्या बाजूला. त्याकडे दोघींनीही पाहिलं.

मग बुर्गीनं अंड्यांखालून कागद काढला.

गल्लीतले खराटे थांबले. एकामागून एक, टोकापर्यंत. एवढी शांतता झाली की ओढा ऐकू आला.

वेव्हीनं कागद घेतला. तिला चष्मा लागायचा, पण तो तिनं लावला नाही. कागद हातभर लांब धरून वाचला. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग दुधावर साय धरावी तसा निर्विकार. ओठ हलत होते. बुर्गीला वाटलं प्रार्थना म्हणतेय.

ती पुन्हा वाचत होती. एकदा, दोनदा, तीनदा.

"तेल कुठाय?" वेव्ही म्हणाली.

तेरा वर्षांनी ऐकलेला आवाज. बुर्गीला आधी कळेचना की तो आपल्यासाठी आहे. "काय?"

"बहिरी झालीस? शेवटचं तेल. मरणाऱ्यापाशी पाद्री आला, तेल लावलं, हे कुठं लिहिलंय?"

"वेव्ही, तार आहे. शब्दाला पैसे पडतात…"

"एक्कावन्न साली आफ्राच्या बापाची तार आली. तूच आणलीस. सगळ्या गावानं वाचली. पहिलं वाक्य काय होतं?"

बुर्गीला आठवलं. शेवटचं तेल लावून तयार. मग पूर्णविराम, मग बाकीचं. आमच्या कॅथलिक नन्सच्या इस्पितळातून येणारी प्रत्येक तार अशीच सुरू होते. माणूस जगतोय की जातोय ते नंतर. आत्म्याची व्यवस्था झाली हे आधी.

"आपल्या नन्स कोंबडीलासुद्धा तेलाशिवाय मरू देत नाहीत," वेव्ही म्हणाली. "हे आपलं नाही."

बुर्गीनं तिच्याकडे पाहिलं. हे खरं होतं की नातवाचं मरण दाराबाहेर ढकलणारी एक म्हातारी बोलत होती? चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तीन वाजून वीस मिनिटं. वेव्हीचं खरं नसेल, तर बापाबरोबर तिचीही बस चुकेल आणि पोरगं दोघांशिवाय जाईल. खरं असेल, तर या घटकेला दुसराच कुणी गेओर्ग काही न कळता कुठंतरी रस्ता झाडत असेल.

"फोन," बुर्गी म्हणाली.

ती धावली. मागून पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं, तर वेव्ही हद्दीचा दगड ओलांडून येत होती, खराटा हातातच.

"पोस्ट आता बंद आहे," डोब्लरबाई नाकातून म्हणाली.

"बाई, मघाची तार. पाठवली कुठून?"

"शहरातून."

"शहरात कुठल्या इस्पितळातून?"

"पाठवणाऱ्याचा पत्ता हा तारेचा भाग नाही. नियमानुसार…"

वेव्हीनं फोन हिसकावला. तिनं जन्मात फोन धरला नव्हता. ऐकायचं टोक हनुवटीशी आणि बोलायचं कपाळाशी. बुर्गीनं तो तिच्या हातात उलटा केला.

"कुमारी कोण ती! मी मेंढी घरची गेनोफेफा एर्लबाख, एर्लबाखची! माझा एक कोनराड तुमच्या कागदांनी अकरा दिवस उशिरा मारला! दुसऱ्याच्या वेळी मला नियम सांगू नकोस! वाच तिथं काय आहे ते!"

पलीकडे कागदांची सळसळ. मग कुमारी डोब्लर, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच नाकातून न येता घशातून आला. "डायकोनिसांचं रुग्णालय."

डायकोनिस म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या सिस्टर. एर्लबाखचा माणूस पाय मोडला तर रांगत नन्सकडे जाईल, पण डायकोनिसांच्या दारात पाय ठेवणार नाही.

वेव्ही मुरांब्याच्या पातेल्याशेजारच्या स्टुलावर मटकन बसली. तिनं डोळे मिटले, दोन श्वास घेतले. तिसऱ्याला डोळे उघडले.

"पलीकडचे," ती म्हणाली.

बुर्गीच्या तोंडून तेच निघालं. डोंगरापलीकडचं एर्लबाख. तारघरातल्या कुणीतरी दोन एर्लबाखांतलं एक निवडलं होतं. तेरा वर्षांपूर्वी बुर्गीनं निवडलं होतं अगदी तसंच.

"बाई, तिकडे फोन जोडून द्या."

"ते दुसऱ्या तालुक्यात येतं. त्यांचं पोस्ट दोनला बंद झालं. सोमवारी…" डोब्लरबाई थांबली. "वाजवून पाहते." तिनं वाजवलं. दूर कुठंतरी एका बंद खोलीत घंटा वाजत राहिली. पंचवीस वेळा. बुर्गी मोजत होती.

"कुणी नाही," डोब्लरबाई म्हणाली. "त्यांच्या बाजूनं शहराची गाडी पाच दहाला आहे. मला माफ करा." हे शेवटचं तिनं इतक्या घाईत म्हटलं की पूर्णविराम राहूनच गेला.

डोंगरावरून नऊ किलोमीटर. चार वाजायला पंचवीस मिनिटं होती. बुर्गीची सायकल चढावर ढकलायला लागायची.

वेव्ही उठली. काही न बोलता बाहेर पडली, गल्लीतल्या सगळ्या डोळ्यांमधून सरळ चालत गेली आणि शिंपी घराच्या अंगणात शिरली. ज्याच्याकडे तिनं तेरा वर्षं मान वळवून पाहिलं नव्हतं, कारण तो जिवंत होता, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोनराड."

मोटरसायकलखालचे पाय स्तब्ध झाले. मग तो बाहेर आला, तोंडाला तेल, हातात पाना. तेहतीस वर्षांचा गडी, पण ताठ असा उभा राहिला जसा शाळेतला पोरगा.

"गाडी चालते का?"

"चालते." आणि मग, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही, "कुणी मेलं का?"

"अजून नाही. म्हणून तर."

ऐरणीवरचा ठणठणाट थांबला होता. वेव्हीनं बुर्गीच्या हातात तार दिली आणि तिची मूठ आपल्या हातानं बंद केली. "जा. आता कुणाला अकरा दिवस नकोत."

चढ मोटरसायकलनं दमेकऱ्यासारखा खोकत काढला. माथ्यावर आमच्या बाजूचा दगडी क्रूस उभा आहे, तोंड आपल्याकडे आणि पाठ त्यांच्याकडे. बुर्गीनं त्याची पाठ पहिल्यांदाच पाहिली. तिथं शेवाळ होतं, आणि कुणीतरी खडूनं काढलेलं गाढव. उतारावर कोनराडनं इंजीन बंद केलं आणि गाडी तशीच सोडली. बुर्गीनं त्याची कंबर धरून डोळे मिटले. एका वळणावर ते दोघे, गाडी आणि तार, असे सगळेच क्षणभर हवेत होते.

पलीकडच्या एर्लबाखमध्ये रस्ता झाडणं चाललं होतं.

तेच खराटे, तसेच एप्रन, तशीच पानं. ओढ्याकाठी एर्लची झाडंसुद्धा तीच. फक्त चर्चच्या मनोऱ्यावर क्रूसाच्या जागी पत्र्याचा कोंबडा. एका जाड बाईनं खराटा आडवा धरला, भाला धरावा तसा.

"कुठल्या तुम्ही?"

"एर्लबाखची."

"एर्लबाखचे आम्ही."

"डोंगरापलीकडच्या."

बाईनं बुर्गीच्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं, कोनराडच्या तेलकट तोंडाकडे पाहिलं. "गेल्या जत्रेत आमच्या दीराचे दोन दात तुमच्याकडेच राहिले. ते परत करायला आलात?"

"इथं गेओर्ग एर्लबाख कोण?"

"कुठला? चार आहेत."

चार. चार दारं, चार बाप. एकेकाला गाठून, अंडी दाखवून, हसून विचारायला वेळ नव्हता. साडेचार होत आले होते. आणि मोठ्यानं विचारावं तर तेच, जे तिनं आयुष्यभर टाळलं होतं, सगळ्या गल्लीसमोर. तिनं एकदा श्वास घेतला.

"ज्याचा कोनराड डायकोनिसांकडे आहे तो," ती ओरडली.

बाईनं खराटा भिंतीला टेकवला. आता तिच्या आवाजात भाला नव्हता. मान वर करून तिनं हाक दिली, "अरे चुनेवाल्या! चुनेवाल्या गेओर्ग! खाली ये रे!"

रस्त्यापलीकडच्या नाशपातीच्या झाडाला शिडी लावलेली होती. एक पिकल्या केसांचा उंच माणूस पायरी पायरीनं उतरला. घाई त्यानं केली नाही. वर असतानाच टोपी नसलेल्या बाईचा चेहरा त्यानं वाचला होता. त्यानं तार घेतली, वाचली, घडी घातली.

"हा माझा मुलगा," तो म्हणाला. "बावीसचा आहे. परवा पत्र आलं, म्हणाला थोडी सर्दी."

कोनराडनं गाडीला लाथ मारली. "बसा, काका. पाच दहाची गाडी. बारा किलोमीटर. घट्ट धरा, मला मरायची भीती नाही, माझं एकदा झालंय."

कुणी हसलं नाही, पण म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मागं बसला. कुणीतरी धावत कोट आणला. कुणीतरी पाव. मोटरसायकल एर्लच्या झाडांमधून दिसेनाशी झाली आणि बुर्गी दोन्ही हात रिकामे घेऊन परक्या एर्लबाखच्या झाडलेल्या रस्त्यावर उभी राहिली. जाड बाईनं तिला खिशातून एक नाशपाती दिली. "चढ आहे," ती म्हणाली. "खात जा."

नऊ किलोमीटर ती चालत आली. उजेड होता तोवर ठीक होतं. माथ्यावर पोचली तेव्हा खालची गाडी कधीच निघून गेलेली असणार, त्याला घेऊन किंवा त्याला सोडून. ते तिला कळायचा काही मार्ग नव्हता. तिनं क्रूसाच्या दोन्ही बाजूंना थांबून प्रार्थना म्हटली.

घरी पोचली तेव्हा तिच्या दाराशी, बाकावर वेव्ही बसलेली होती. शेजारी मुरांब्याचं जळलेलं पातेलं, घासून लखलखीत केलेलं. बुर्गी दुसऱ्या बाजूला टेकली. बऱ्याच वेळानं मोटरसायकलचा आवाज आला. आधी लांबून, मग गल्लीतून. कोनराडनं पाय टेकवला आणि चेहऱ्यावरची धूळ पुसली.

"मिळाली," तो म्हणाला. "गाडी हलली होती. डब्यातल्यांनी ओढून घेतला त्याला."

वेव्हीनं मान हलवली, उठली आणि दगड ओलांडून आपल्या घरी गेली.

सोमवारी तिचा नातू बसमधून उतरला. गळ्याला मफलर, हातात औषधाची बाटली, खोकला आणि एक पत्र्याची पिपाणी. पिपाणी त्यानं गावाच्या टोकापासून घरापर्यंत वाजवत आणली आणि त्या दिवशी कुणीही त्याला गप्प बस म्हटलं नाही.

गुरुवारी पोस्टकार्ड आलं. पत्ता, पोस्टातली बाई, एर्लबाख. ते आधी पलीकडच्या एर्लबाखला जाऊन आलं होतं. तिथल्या पोस्टातल्या बाईनं पत्त्यावर पेन्सिलीनं रेघ मारून खाली लिहिलं होतं, आमची नव्हे, डोंगरापलीकडची, टोपी न घालणारी. कार्डावर चार ओळी होत्या. त्यानं मला ओळखलं. रविवारी पहाटे गेला. हात माझ्या हातात होता. मी होतो.

बुर्गीनं ते वाचलं. मग मेंढी घराच्या खिडकीशी गेली, कुंडी उचलली, आणि कुंडी हातात धरून उभी राहिली. खिडकी उघडली. वेव्हीनं कार्ड हातभर लांब धरून वाचलं.

"मी होतो," ती म्हणाली. बुर्गीला उद्देशून नाही. कार्ड तिनं परत दिलं नाही, आणि बुर्गीनं मागितलं नाही.

शनिवारी दुपारी सगळा गाव खराटे घेऊन बाहेर पडला. बुर्गीनं आपल्या दारापुढचं आवरत आणलं होतं, तेवढ्यात सर्र, सर्र असा आवाज अगदी जवळ आला. वेव्ही हद्दीच्या दगडापाशी पोचली होती. ती थांबली नाही. खराटा दगडावरून गेला आणि बुर्गीच्या बाजूची हातभर पानं पुढं ढकलत आला.

गल्लीतले खराटे थांबले. वेव्हीनं कंबरेवर हात ठेवला आणि वर अक्रोडाकडे पाहिलं.

"तेरा वर्षं सांगायचं राहिलं," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हे तुझं झाड माझ्या अंगणात कचरा करतं. तोडणार आहेस का नाही?"

"नाही," बुर्गी म्हणाली.

"निलाजरी," वेव्ही म्हणाली, आणि झाडत राहिली.